घरात खोकते कोण?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी क्षयरोगासारखा विषय घेऊन उभे राहिल्याबद्दल आम्ही प्रथमच आपली क्षमा मागतो. चिटणीसांनी आम्हांस ‘मुलांच्या आरोग्यावर काहीतरी बोला’ अशी आज्ञा केली, तेव्हा त्यांच्या मनात दात, डोळे, आहार, फार तर परीक्षेची धास्ती असे काही सौम्य असावे. परंतु या शहरात जवळजवळ चाळीस वर्षे बालरोगांचा व्यवसाय केल्यानंतर जे सांगावयाचे राहून गेले, असे आम्हांस वाटते, ते याच विषयातले आहे. मंडळाच्या व्यासपीठावरून ते सांगण्यास आणखीही एक कारण आहे. ते भाषणाच्या ओघात येईलच.

‘क्षय आता राहिला आहे कोठे?’ असा प्रश्न सुशिक्षित घरांतून आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे आरोग्यधाम, खिडकीशी खाट, दूध-अंडी आणि गावाबाहेरची हवा, हे सारे आपल्या आजोबांच्या काळाबरोबर संपले असा एक समज आहे. वस्तुस्थिती अशी, की जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही भारतात आहे आणि आपल्या देशात दरवर्षी तीन लाखांहून अधिक बालकांना हा रोग होत असावा असा अंदाज आहे. ही बालके केवळ झोपडपट्टीतील नसतात. जंतूला पत्ता विचारण्याची सवय नाही.

आपण ज्या शहरात पन्नास वर्षे गणेशोत्सव साजरा करीत आलो, त्या शहराचा या रोगाच्या अभ्यासाशी फार जवळचा संबंध आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. बेल्लारी रस्त्याने जाताना ‘अ‍ॅव्हलॉन’ नावाची एक जुनी वास्तू लागते. तेथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे. १९५९ साली ती स्थापन झाली आणि १९६० च्या सप्टेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झालेले डॉ. हाफ्डन माहलर हे तिच्या आरंभीच्या दिवसांत येथे काम करीत होते. १९६२ साली साऱ्या देशासाठी क्षयनियंत्रणाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला, तो याच वास्तूत.

या संस्थेच्या माणसांनी १९६१ ते १९६८ या काळात बंगळूर जिल्ह्यातील ११९ खेड्यांत पुन्हा पुन्हा जाऊन घरोघर पाहणी केली. त्यातून निघालेले आकडे आजही वाचताना अंगावर काटा येतो. थुंकीत जंतू सापडलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांत जवळजवळ निम्मे मरण पावले, सुमारे एकतृतीयांश आपोआप बरे झाले, आणि उरलेले, शंभरात अठरा, जिवंत राहून जंतू बाहेर टाकीतच राहिले. ‘आपोआप बरे झाले’ या तीन शब्दांकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. औषधाविना बरे झालेल्या या माणसांच्या देहात काहीतरी लढले. ते काय, आणि लहान मुलाच्या देहात ते कसे लढते, हाच आजचा विषय.

याच संस्थेशी संबंधित आणखी एक पाहणी तुमकूर जिल्ह्यातली. डॉ. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी ती १९६३ साली प्रसिद्ध केली. खेड्यातला अडाणी रोगी दुखणे अंगावर काढतो, असा तोवर सर्वांचा समज होता. आढळले ते उलटेच. क्षयाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण सरकारी दवाखान्याची पायरी आधीच चढून आले होते, आणि बहुधा खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत गेले होते. दोष रोग्याच्या अज्ञानाचा नव्हता, प्रश्न न विचारणाऱ्या वैद्याचा होता. हे वाक्य आम्ही स्वतःस उद्देशून म्हणत आहोत, हे पुढे कळेल.

आता थोडे शरीराच्या आत जाऊ. क्षयरोगी माणूस खोकतो तेव्हा अतिसूक्ष्म तुषार हवेत तरंगत राहतात; कोंदट खोलीत ते तासन्‌तास राहू शकतात. त्यातील एखादा कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी टोकाशी, वायुकोशात जाऊन पोहोचतो. तेथे पहारा असतो भक्षकपेशींचा. कोणताही उपरा जीव दिसला की त्याला गिळावे आणि पोटातील पाचकरसांनी विरघळवावे, हे त्यांचे काम. क्षयजंतूची सारी कारामत या ठिकाणी आहे. तो निमूटपणे गिळला जातो, आणि मग ज्या पेशीने त्याला गिळले तिचे पाचकरस आपल्यापर्यंत पोहोचणारच नाहीत अशी व्यवस्था करतो. पहारेकऱ्याच्याच चौकीत तो बिऱ्हाड करतो आणि संथपणे वाढतो. इतर जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, याला सुमारे वीस तास लागतात. या संथपणामुळेच तो पहिले काही आठवडे कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

दरम्यान काही पेशी जंतूचे अंश घेऊन जवळच्या लसिकाग्रंथींकडे जातात. तेथे टी-पेशी नावाच्या श्वेतपेशी असतात. हजारो प्रकारच्या टी-पेशींतून या एकाच शत्रूला ओळखणाऱ्या नेमक्या पेशी निवडल्या जातात, त्यांची संख्या वाढविली जाते आणि मग त्या फुप्फुसाकडे रवाना होतात. या सर्वाला तीन ते आठ आठवडे लागतात. तेथे पोहोचल्यावर त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडतात. त्याच्या स्पर्शाने भक्षकपेशींच्या अंगी एकदम बळ संचारते आणि पोटातल्या पाहुण्याला मारणे त्यांना साधू लागते. जे जंतू मरत नाहीत, त्यांच्याभोवती पेशींचे कडे तयार होते. ती बारीक गाठ म्हणजेच ट्यूबरकल. तीवरूनच रोगाला त्याचे इंग्रजी नाव मिळाले.

आपण मराठी माणसे, तेव्हा किल्ल्याची उपमा सुचणे साहजिक आहे. परंतु ती येथे फसवी आहे. शत्रू बाहेर आणि तटबंदीच्या आत आपण, असे हे चित्र नाही. शत्रू आत आहे आणि आपले सैन्य त्याला वेढा घालून बसले आहे. वेढा पक्का असेल तर शत्रू आत उपाशी पडून राहतो, वर्षानुवर्षे, कित्येकदा जन्मभर. लागण झालेल्या दहा प्रौढांपैकी नऊ जणांस रोग कधीच होत नाही, तो या वेढ्यामुळे. लागण आणि रोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानात ठेवले तरी या विषयातील निम्मा गोंधळ दूर होईल.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे बालरोगशास्त्राचे पहिले सूत्र या रोगात जितके खरे, तितके अन्यत्र क्वचितच असेल. तान्ह्या बाळाच्या भक्षकपेशी जंतू गिळतात, पण मारण्यात कमी पडतात. ग्रंथीकडे खबर नेणाऱ्या पेशी अपुरा इशारा देतात. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, पण हात राखून. याला निसर्गाची चूक म्हणू नये. नऊ महिने आईच्या देहात, म्हणजे एका अर्थी परक्या देहात, वाढावयाचे तर लढाऊ वृत्ती आवरून धरावीच लागते. जन्मानंतर ती संथपणे जागी होते. या मधल्या काळात क्षयजंतू आला तर वेढा ढिला पडतो, जंतू रक्तात शिरतात आणि देहभर पसरतात. फुप्फुसांच्या क्ष-किरण चित्रात मग बाजरीच्या दाण्यांसारखे असंख्य ठिपके दिसतात. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचले तर त्याहूनही भयंकर असा मेंदूचा क्षय होतो.

औषधे निघण्यापूर्वीच्या काळात या मुलांचे काय होई, त्याच्या जुन्या नोंदी दक्षिण आफ्रिकेतील बालरोगतज्ज्ञांनी २००४ साली एकत्र केल्या. वर्षाच्या आतील ज्या बालकांस लागण झाली, त्यांतील जवळजवळ निम्म्यांस रोग झाला, आणि शंभरात दहा ते वीस बालकांस तो मेंदूचा किंवा देहभर पसरलेला झाला. दुसऱ्या वर्षात रोगाचे प्रमाण पाचांत एकाच्या आसपास उतरते. दोन ते पाच या वयात शंभरात पाच. पाच ते दहा या वयात तर शंभरात दोनच! शाळेच्या पहिल्या इयत्तांतील मुलांचा वेढा इतका चोख असतो, की त्या वयाला वैद्यकात सुरक्षित वय म्हणण्याची प्रथा आहे. त्या वयातच देह इतका शहाणा का असतो, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. तो झाला तर नव्या लशीचा मार्ग सापडेल असे पुष्कळांना वाटते.

दहा वर्षांनंतर प्रमाण पुन्हा चढते, दहा ते वीसपर्यंत जाते, आणि रोगाचे रूपही पालटते. आता सैन्य दुबळे नसते, उलट अति आवेशाने लढते, आणि त्या लढाईत आपल्याच शेतांची राखरांगोळी होते. फुप्फुसात पोकळ्या पडतात, खोकल्यातून जंतू बाहेर येऊ लागतात. तारुण्याच्या उंबरठ्यावर क्षयाने नेलेल्या माणसांची यादी आपल्याकडे थोडी नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात निवर्तल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

आर्विड वालग्रेन या स्वीडिश बालरोगतज्ज्ञाने १९४८ साली या रोगाचे जणू वेळापत्रकच मांडले. लागणीनंतर मेंदूचा क्षय व्हावयाचा तर तो बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतो. हाडांचा रोग दिसू लागण्यास वर्षे लागतात. या वेळापत्रकाचा अर्थ असा, की अडीच वर्षांच्या मुलास मेंदूचा क्षय झाला असेल तर त्या मुलाच्या घरात, अगदी अलीकडे, कोणीतरी खोकत होते. मूल स्वतः सहसा रोग पसरवीत नाही. त्याच्या लहानशा गाठींत जंतू थोडे, आणि त्याच्या खोकल्यास जोर नाही. म्हणूनच राष्ट्रीय क्षयरोग संस्था मोठ्या माणसांतील रोगाचा फैलाव मोजण्यासाठी मुलांच्या हातावरची टोचणी पाहत आली. २००० ते २००३ या काळात तिच्या पुढाकाराने देशभर एक ते नऊ वर्षांच्या मुलांची अशी पाहणी झाली, आणि दरवर्षी शंभरांतील सुमारे दीड मुलास नवी लागण होते असे दिसले. मुलाच्या हातावर जे उमटते, ते वडीलधाऱ्यांच्या छातीतले असते.

आता आमची स्वतःची गोष्ट. नावे सांगण्याचे कारण नाही. मंडळाशी संबंध असलेले एक कुटुंब होते, मूळचे सांगलीकडचे, वडील येथील एका कारखान्यात. तीस वर्षे तरी झाली असतील. त्यांची अडीच वर्षांची मुलगी आमच्याकडे आणली. दोन महिन्यांत वजन वाढले नव्हते, किरकिर करी, संध्याकाळी अंग कोमट लागे. आम्ही छाती तपासली, पोट तपासले, जंताचे औषध आणि एक टॉनिक लिहून दिले. ओळखीचे घर, सुशिक्षित आईबाप, स्वच्छ कपडे. आम्ही विचारले ते एवढेच, की घरकामाला बाई कोण येते. आपल्यासारख्या घरांत संशयाचा पहिला मान मोलकरणीचा असतो. वैद्यही त्याच घरांतून आलेला असतो.

तीन आठवड्यांनी मुलगी पुन्हा आली ती वडिलांच्या खांद्यावर, अर्धवट शुद्धीत. उलट्या होत होत्या, एक डोळा तिरळा झाला होता. पाठीच्या कण्यातील पाणी काढून तपासले, तेव्हा शंका उरली नाही. त्या रात्री इस्पितळाच्या व्हरांड्यात आम्ही मुलीच्या आईला तो प्रश्न विचारला, जो तीन आठवड्यांपूर्वी विचारावयाचा होता: घरात खोकते कोण? ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मामंजी आले आहेत चार महिन्यांपासून. पण त्यांचा तंबाखूचा खोकला आहे.’

तो तंबाखूचा खोकला नव्हता. आजोबांना दोन वर्षांपूर्वी गावी क्षय असल्याचे सांगण्यात आले होते. दोन महिने औषध घेऊन, बरे वाटल्यावर, त्यांनी ते सोडले. धाकट्या मुलीचे लग्न ठरावयाचे होते, म्हणून घरात कोणी त्याची वाच्यता केली नाही; सुनेला तर ठाऊकच नव्हते. राजरोग हे नाव मोठे, पण ते ज्या घरात येते तेथे दारे-खिडक्या लावून घेतात. नात आजोबांजवळ निजत असे. गोष्टी ऐकल्याशिवाय तिला झोप येत नसे.

मुलगी वाचली. उजवा हात अधू राहिला, उभे राहणे-चालणे पुन्हा शिकावे लागले, शाळेत दोन वर्षे मागे पडली. ती आज डाव्या हाताने लिहिते आणि स्वतःच्या पायांवर उभी आहे, एवढे सांगून तिचा विषय आम्ही येथे थांबवितो. आजोबांनी या खेपेस औषध पुरे केले आणि तेही बरे झाले. त्यांच्याविषयी एक गोष्ट मात्र शेवटी सांगावयाची आहे.

‘तिला बी.सी.जी. टोचली नव्हती का?’ असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तिचा जन्म आजोळी, खेड्यात झाला होता, आणि टोचावयाचे राहून गेले होते. या लशीची कथा थोडी सांगण्यासारखी आहे. काल्मेत आणि ग्वेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ पासून तेरा वर्षे, २३० वेळा, गायीच्या क्षयाचा जंतू एका पोषकावरून दुसऱ्यावर वाढवीत त्याचा जहालपणा घालविला. १९२१ साली पॅरिसमध्ये ती लस प्रथम ज्या बालकास दिली, त्याची आई बाळंतपणानंतर लगेच क्षयाने मरण पावली होती आणि बालकाला सांभाळणार होती ती त्याची आजी, जी स्वतः क्षयरोगी होती. बाळ वाचले. मनुष्यजातीतल्या पहिल्या बी.सी.जी.मागेही घरातल्या आजीचाच खोकला होता, हे आम्हांस फार उशिरा वाचनात आले.

१९३० साली जर्मनीतील ल्यूबेक गावी मात्र अनर्थ घडला. सुमारे अडीचशे नवजात बालकांना दिलेल्या लशीत प्रयोगशाळेतील चुकीने जहाल क्षयजंतू मिसळले गेले. सत्तरांहून अधिक बालके दगावली. पण बाकीची, म्हणजे बहुसंख्य, कोणतेही औषध नसलेल्या त्या काळात जगली. तान्ह्या देहाचा वेढा ढिला असतो हे खरे. तो अगदीच नसतो असे नाही. किती जंतू शिरले यावरही पुष्कळ अवलंबून असते. एका खोलीत, एका पांघरुणात, महिनेच्या महिने निजणाऱ्या मुलाच्या वाट्याला येणारी जंतूंची मात्रा बसमध्ये शेजारी खोकणाऱ्या परक्याकडून येणाऱ्या मात्रेहून कितीतरी मोठी असते.

आपल्या देशात ही लस १९४८ पासून टोचली जाऊ लागली. राजाजींनी १९५५ साली तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहून मोठा वाद माजविला होता. पुढे मद्रासजवळच्या चिंगलपुट जिल्ह्यात, १९६८ पासून, अडीच लाखांहून अधिक लोकांवर जगातली सर्वांत मोठी पाहणी झाली. तीत बंगळूरच्या संस्थेचाही हात होता. १९७९ साली निष्कर्ष बाहेर आले, तेव्हा सारे सुन्न झाले: प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून लशीने तेथे काहीच संरक्षण दिलेले आढळले नाही. वर्तमानपत्रे वाचून अनेक आईबाप आमच्याकडे ‘मग टोचायची कशाला?’ असे विचारीत येत. उत्तर असे, की त्या पाहणीने जो प्रश्न विचारला तो मोठ्या माणसांच्या फुप्फुसांचा होता. तान्ह्या मुलांच्या मेंदूच्या आणि देहभर पसरणाऱ्या क्षयाविषयीचा पुरावा वेगळ्या अभ्यासांतून आला आहे, आणि त्यांत लस सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना वाचविते असे दिसते. लस जंतूला दारात अडवीत नाही. देह ज्या काळात वेढा घालण्यास शिकलेला नसतो, त्या काळात ती त्याला एक रंगीत तालीम करवून देते. तालमीचा परिणाम काही वर्षांनी ओसरतो. म्हणून ती जन्मतःच द्यावी, आणि ती दिली म्हणून निर्धास्त राहू नये.

निदानाविषयी फार बोलत नाही, कारण तो वैद्याचा प्रांत. एवढेच सांगावेसे वाटते, की एका टोचणीने किंवा एका रक्ततपासणीने मुलाचा क्षय ‘आहे’ किंवा ‘नाही’ ठरत नाही. हातावरची मांटू चाचणी काय किंवा इंटरफेरॉन-गॅमा मोजणारी रक्ताची चाचणी काय, दोन्ही शत्रूला पाहत नाहीत. शत्रूची ओळख पटलेल्या आपल्याच सैन्याची हालचाल पाहतात. सैन्य जेथे थकलेले, म्हणजे कुपोषित, गोवरातून उठलेल्या किंवा अतिशय आजारी मुलात, तेथे चाचणी कोरी येते आणि सर्वांची फसगत होते. आमच्या त्या छोट्या रुग्णाची मांटू चाचणीही इस्पितळात कोरीच आली होती. शिवाय लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळते. त्यामुळे पहाटे उपाशीपोटी नळीने जठरातले पाणी काढून जंतू शोधावे लागतात. आता जंतूच्या जनुकांवरून निदान करणारी चाचणी शौचाच्या नमुन्यावरही करता येते, ही मुलांवर मोठी कृपा झाली आहे.

उपचारही सोपे होत आहेत. सौम्य रोग असलेल्या मुलांना सहाऐवजी चार महिन्यांचे औषध पुरते, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगाने दाखविले. त्यात आफ्रिकेतील केंद्रांबरोबर आपले पुणे आणि चेन्नईही होते. कोणाला चार आणि कोणाला सहा, हे मात्र वैद्यानेच ठरवावयाचे. आणि घरात मोठ्या माणसाच्या थुंकीत जंतू सापडले, तर पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाला, रोग नाही याची खात्री करून घेऊन, प्रतिबंधक औषध द्यावे, चाचणीची वाट पाहू नये, असा सरकारी कार्यक्रमाचाच नियम आहे. सहा महिने रोज आयसोनियाझिडची गोळी, ही जुनी रीत. आता कमी मुदतीच्याही रीती आहेत. अलीकडे घरातील मोठ्यांनाही असे औषध देतात. हे सारे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. आमचा अनुभव असा, की औषध मिळते, पण मूल आणले जात नाही. मूल खेळत असते, हसत असते. ‘धडधाकट पोराला सहा महिने गोळ्या कशाला?’ असे आजी विचारते, आणि तिला उत्तर देण्याचे धैर्य सुनेला होत नाही.

अन्नाचे महत्त्व आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होते. ते आता आकड्यांनीही सिद्ध झाले आहे. आपल्याच राज्यातील मंगळूरचे डॉ. अनुराग व माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी यांनी झारखंडात क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना धान्य, डाळ यांचे मासिक वाटप करून पाहिले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या घरांत नव्या रोगाचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटले. वेढ्यातल्या सैन्यालाही शिधा लागतो.

मंडळाच्या व्यासपीठावरून हे सांगण्याचे कारण आता सांगतो. आपण सारे आपापले गाव सोडून येथे आलो. दिवाळीला, बाळंतपणाला, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला गावाकडची वडीलधारी माणसे येतात आणि महिने-दोन महिने राहतात. मेच्या सुट्टीत मुले तिकडे जातात. दोन खोल्यांच्या घरात आजोबा आणि नातू एकाच गादीवर निजतात, आणि ते तसेच असावे. त्या आजोबांचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक चालला असेल, वजन उतरत असेल, तर त्यांची थुंकी तपासून घ्यावी, आणि हे त्यांना अपमान वाटणार नाही अशा रीतीने करावे. मुलगा-सून यांनी आपापसात कुजबुजण्यापेक्षा सरळ त्यांच्याशी बोलावे. आमच्या रुग्णाचे आजोबा वाईट मनुष्य नव्हते. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने ते गप्प राहिले. आणि ते लग्न मोडले असते, ही भीतीही खोटी नव्हती. त्या भीतीत आपल्या सगळ्यांचा वाटा आहे.

आपण काही चिठ्ठ्या पाठविल्या आहेत, त्यांतील दोन-तीन घेतो.

एका भगिनींनी विचारले आहे, की मुलाच्या दंडावर बी.सी.जी.चा व्रण उठला नाही, तर पुन्हा टोचावी काय? नको. व्रण न उठणे म्हणजे लस वाया गेली असे नव्हे, आणि दुसऱ्यांदा टोचल्याने लाभ होतो असे दिसलेले नाही.

दुसरी चिठ्ठी: आईला क्षय असेल तर तिने अंगावर पाजावे का? अवश्य पाजावे. दुधातून जंतू जात नाहीत. आईने औषध सुरू करावे, तोंडाला पट्टी बांधावी, आणि बाळ तपासून त्याला प्रतिबंधक औषध सुरू करावे. बाळाला आईपासून तोडू नये.

तिसऱ्या चिठ्ठीवर नाव नाही. अक्षर वयस्क गृहस्थांचे वाटते. ते लिहितात, ‘मला हा रोग झाला होता. उपचार पूर्ण झाले, थुंकी स्वच्छ आली. नातवाला मांडीवर घ्यावे की नाही?’

या प्रश्नाचे उत्तर फार जुने आहे. १९५६ पासून मद्रासमध्ये क्षयरुग्णांवर घरी आणि आरोग्यधामात ठेवून उपचार करण्याची तुलना झाली, घरातील मुलामाणसांवर अनेक वर्षे नजर ठेवली गेली. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबात रोग अधिक झाला नाही. धोका होऊन गेलेला असतो तो उपचारापूर्वीच्या, नाव नसलेल्या खोकल्याचा. नेमाने औषध चालू झाले की तो झपाट्याने ओसरतो.

हे आम्हांस ठाऊक होते. त्या मुलीच्या आजोबांना आम्ही ते सांगितले नाही. गोळ्या कशा घ्यावयाच्या, किती महिने, डाग केव्हा तपासावयाचा, सर्व सांगितले. हे सांगण्याचे सुचले नाही. बरे झाल्यावरही ते मुलीच्या घरात असताना गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि नात जवळ आली की उठून जात. पुढे ते गावी परतले आणि काही वर्षांनी तेथेच वारले. त्यांनी तिला पुन्हा कधी उचलून घेतले नाही, हे आम्हांस त्यांच्या सुनेकडून कळले.

चिठ्ठी लिहिणारे गृहस्थ सभागृहात असतील. महाशय, नातवाला मांडीवर घ्या. आजच घ्या.